उसन्या शास्त्रांचा हिशेब : डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ आणि तिचे वाचक



निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे : ‘इंग्रजी कादंबरीची समीक्षा आणि आंतरविद्याशाखीय सिद्धान्त’. तो वाचून जे घरीच थांबले त्यांना मी दोष देणार नाही. जे आले आहेत त्यांच्यासाठी विषयाचा पसारा आवरून मी एकाच कादंबरीवर आणला आहे : चार्ल्स डिकन्सची ‘ब्लीक हाउस’. ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्या सरांना सिद्धान्तांचं वावडं नव्हतं, पण पुस्तक समोर उघडल्याशिवाय ते त्याबद्दल बोलत नसत. आजही तोच रिवाज पाळू.

‘ब्लीक हाउस’ निवडण्याचं कारण साधं आहे. साहित्याच्या बाहेरचे जितके लोक या कादंबरीत येऊन-जाऊन असतात तितके दुसऱ्या इंग्रजी कादंबरीत क्वचितच सापडतील. कायद्याचे इतिहासकार आले, वैद्यकाचे आले, पोलिसांचा आणि तुरुंगांचा अभ्यास करणारे आले, साम्राज्याचा हिशेब मागणारे आले, आणि गेल्या काही वर्षांत हवामानाची चिंता करणारेही आले. प्रत्येकाने आपल्या शास्त्राची उपकरणं आणली. साहित्याच्या समीक्षकांनी ती उपकरणं उसनी घेतली आणि आज तीच विद्यापीठांत शिकवली जातात. उसनवारीबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न असा : या उसनवारीत कादंबरीच्या पदरात काय पडलं, आणि कादंबरीने त्या शास्त्राला उलट काही सुनावलं का?

थोडी माहिती आधी. मार्च 1852 ते सप्टेंबर 1853 या काळात ही कादंबरी एकेक शिलिंगाच्या मासिक भागांतून निघाली. भाग 32 पानांचा, सोबत ‘फिझ’ची चित्रं. एकूण 67 प्रकरणं. सांगणारे दोघे. एक अनाम निवेदक, जो वर्तमानकाळात बोलतो, सगळ्या लंडनवर नजर ठेवून असतो आणि ज्याच्या जिभेला धार आहे. दुसरी एस्थर समरसन, आईबाप ठाऊक नसलेली मुलगी, जी भूतकाळात, जपून, स्वतःला कमी लेखत सांगते. कथेच्या मध्यभागी चान्सरी कोर्टातला एक वारसाचा दावा आहे, ‘जार्नडिस विरुद्ध जार्नडिस’. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. शेवटी नवं मृत्युपत्र सापडतं, आता निकाल लागणार असं वाटतं, आणि कळतं की सगळी इस्टेट कोर्टखर्चातच संपली. वाद घालायला काही उरलंच नाही म्हणून दावा संपतो.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ज्या समाजात घरोघरी आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. बांधाच्या भांडणात शेत विकलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मात्र चान्सरी म्हणजे कुठलंही दिवाणी कोर्ट नव्हे. इंग्लंडमध्ये त्या काळी न्यायाच्या दोन स्वतंत्र वाटा होत्या : एक रूढ कायद्याची, दुसरी ‘इक्विटी’ची, म्हणजे न्यायबुद्धीची. न्यायबुद्धीचं कोर्ट ते चान्सरी. तिथे ज्यूरी नाही, तोंडी साक्ष जवळजवळ नाही. सगळं कागदावर. अर्ज, त्यावरचं उत्तर, प्रश्नावल्या, प्रतिज्ञापत्रं, आणि या सगळ्याच्या नकला. नकलेचे पैसे ‘फोलिओ’वर, आणि चान्सरीचा फोलिओ 90 शब्दांचा. शब्द वाढले की फी वाढली. 1823 च्या सनदेने मुंबईत जे सुप्रीम कोर्ट स्थापन झालं त्यालाही या चान्सरीच्या धर्तीवर इक्विटीचे अधिकार होते, त्यामुळे हा कारभार आपल्यापासून अगदीच दूरचा नव्हता.

डिकन्सला हे आतून माहीत होतं. पोरवयात तो वकिलाच्या कचेरीत कारकून होता, पुढे लघुलेखन शिकून कोर्टांत वार्ताहर झाला. 1844 मध्ये ‘ए ख्रिसमस कॅरल’ची चोरून नक्कल छापणाऱ्यांविरुद्ध तो स्वतः चान्सरीत गेला. जिंकला. चोरांनी दिवाळं काढलं आणि खर्च विजेत्याच्याच अंगावर पडला. ‘ब्लीक हाउस’चे भाग सुरू झाले तेव्हा लीक गावच्या चॅलिनर नावाच्या वकिलाने चान्सरीच्या दोषांवरचं आपलं पत्रक त्याला पाठवलं. त्यातली एक हकिकत जवळजवळ तशीच कादंबरीत आली. ती ग्रिडली या श्रॉपशरच्या शेतकऱ्याची कहाणी.

म्हणूनच कायद्याचे इतिहासकार या कादंबरीकडे वळले. विल्यम होल्ड्सवर्थ यांनी इंग्लिश कायद्याचा अनेक खंडांचा इतिहास लिहिला. त्यांनीच 1928 मध्ये डिकन्स हा कायद्याचा इतिहासकार म्हणून किती विश्वासार्ह आहे यावर एक पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की निवाड्यांच्या छापील वृत्तांतांतून कायदा काय होता ते कळतं. तो माणसांच्या अंगावर कसा येत होता ते डिकन्समधून कळतं. मला होल्ड्सवर्थ आवडतात, कारण ते सिद्धान्ताचा आव आणत नाहीत. पण त्यांच्या हाती कादंबरी म्हणजे चांगला पुरावा, एवढंच राहतं. पुरावा घेतला की पुस्तक मिटलं. एस्थरचं काय, दोन निवेदक का, अर्धी कथा वर्तमानकाळात का, हे प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचे.

हे प्रश्न कक्षेत आणता येतात, आणि तेही कायद्याच्याच अंगाने. अकराव्या प्रकरणात एक चौकशी आहे. नेमो नावाचा, कोर्टाच्या कागदांच्या नकला करून पोट भरणारा माणूस भाड्याच्या खोलीत अफूने मेला आहे. ‘सोल्स आर्म्स’ नावाच्या गुत्त्यात कॉरोनर पंचांसह बसतो. जो नावाच्या पोराला पुढे आणतात. रस्ता ओलांडणाऱ्या साहेबलोकांच्या पायांखालचा चिखल झाडून तो जगतो. नाव जो, आडनाव माहीत नाही, आईबाप माहीत नाहीत, शाळा नाही. झाडू म्हणजे झाडू हे त्याला कळतं आणि खोटं बोलणं वाईट हेही कळतं. पण खोटी शपथ घेतली तर मेल्यावर काय शिक्षा होईल ते नेमकं सांगता येत नाही. कॉरोनर म्हणतो, अशी साक्ष घेता येणार नाही. पोराला बाजूला करतात. हा प्रसंग हवेतून आलेला नाही. जानेवारी 1850 मध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये जॉर्ज रूबी या रस्ता झाडणाऱ्या मुलाची साक्ष याच कारणाने फेटाळली गेली होती आणि वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली होती.

कायद्याचा इतिहासकार इथे शपथेच्या नियमावर बोट ठेवील, आणि ते बरोबरच आहे. पण कादंबरी काय करते ते पाहा. गावभर कोणालाच माहीत नसलेली गोष्ट जोला माहीत आहे : मेलेला माणूस त्याच्याशी चांगला वागत असे, स्वतःकडे पैसे असले की त्याला देत असे. कायद्याने बाजूला ठेवलेली ही साक्ष वाचकापुढे मात्र नोंदवली जाते. ‘ब्लीक हाउस’चा निवेदक दुसरं कोर्ट भरवतो. त्यात शपथ लागत नाही, फोलिओची फी नाही, आणि सगळ्यांत कमी शब्द असलेल्या साक्षीदाराला सगळ्यांत जास्त वजन आहे. कायद्याचं ज्ञान घेऊन आपण या पानाशी आलो नसतो तर ही उलटापालट निसटली असती. उसनवारी फायद्याची ठरते ती इथे.

आता ज्याच्यामुळे ही कादंबरी सिद्धान्ताच्या वर्गांत गाजली त्याच्याकडे येतो. 1971 मध्ये पेंग्विन आवृत्तीच्या प्रस्तावनेत जे. हिलिस मिलर यांनी म्हटलं होतं की ही कादंबरी म्हणजे कागदपत्रांचा अर्थ लावण्याविषयीचा कागद आहे. सगळी पात्रं चिठ्ठ्या, पत्रं, हस्ताक्षरं, मृत्युपत्रं वाचायच्या मागे लागलेली आहेत आणि वाचकही त्याच फेऱ्यात अडकतो. सुंदर निरीक्षण. पण त्यानंतर दुसरे एक मिलर आले, डी. ए. मिलर, आणि त्यांनी मिशेल फूकोला सोबत आणलं. फूकोचं तुरुंगाच्या जन्मावरचं पुस्तक 1975 चं. त्यातला युक्तिवाद असा की आधुनिक सत्ता चाबकाने चालत नाही. ती वेळापत्रक, नोंदवही, निरीक्षण यांनी चालते आणि हळूहळू माणूस स्वतःच स्वतःवर पहारा ठेवायला शिकतो. मिलर यांनी 1988 च्या ‘द नॉव्हेल अँड द पोलिस’ या पुस्तकात विचारलं : कादंबरी या सत्तेची टीकाकार आहे की हस्तक?

त्यांचं उत्तर धक्कादायक आहे आणि मोठ्या हुशारीने मांडलेलं आहे. चान्सरी म्हणजे न संपणारी, कुठे सुरू होते ते न कळणारी, प्रत्येकाच्या घरात शिरलेली सत्ता. वाचक तिला कंटाळतो. मग इन्स्पेक्टर बकेट येतो. त्याच्याकडे खून आहे, संशयित आहेत, उत्तर आहे, शेवट आहे. वाचकाला हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यातूनच पोलीस आपल्याला हवेसे वाटू लागतात. लंडनच्या पोलिसांत गुप्तहेरांचं खातं 1842 मध्ये निघालं आणि 1851 मध्ये इन्स्पेक्टर फील्डबरोबर रात्रीच्या गस्तीला जाऊन डिकन्सने त्याच्यावर कौतुकाने लिहिलं होतं, हे लक्षात घेतलं की मिलर यांचा आरोप अधिकच पटतो. पोलिसांपासून दूर वाटणारं घरही मिलर यांना सुटलेलं वाटत नाही.

घराचं एक उदाहरण देतो. एस्थरला ब्लीक हाउसमध्ये आल्या आल्या घरातल्या किल्ल्यांचा जुडगा सोपवला जातो. मन भरून आलं, स्वतःची कीव आली, रडू फुटायला लागलं, की ती किल्ल्या खुळखुळवते आणि स्वतःला कर्तव्याची आठवण करून देते. पहिल्या वाचनात हे गोड वाटतं. कोणाला चीडही येते. पहिला भाग वाचून शार्लट ब्राँटेला एस्थरचं निवेदन फिकं वाटलं होतं. फूको वाचून या किल्ल्यांकडे परत आलात तर अंगावर काटा येतो. या मुलीला बाहेरून पहारेकऱ्याची गरजच नाही. लहानपणी मावशीने तिला तिचा जन्म हीच लाज आहे असं सांगितलं. आता ती स्वतःच स्वतःची वॉर्डन झाली आहे. एका परदेशी तत्त्वज्ञाच्या तुरुंगावरच्या पुस्तकाने इंग्लंडातल्या एका घरातला किल्ल्यांचा आवाज ऐकू येतो, ही लहान गोष्ट नाही.

तरीही मला मिलर यांच्याशी एका ठिकाणी भांडायचं आहे. बकेट जिंकतो का? खुन्याला तो पकडतो. पण कादंबरीतला सर्वांत लांब पाठलाग लेडी डेडलॉकचा आहे. ती एस्थरची आई आहे, हे एव्हाना वाचकाला माहीत असतं. बर्फातून, रात्रभर, एस्थरला गाडीत बसवून बकेट तिच्या मागावर जातो. तिने वीटभट्टीवाल्याच्या बायकोशी कपडे बदलले आहेत हे त्याच्या ध्यानात येतं, पण उशिरा. तो पोहोचतो तेव्हा ती स्मशानाच्या फाटकाशी मरून पडलेली असते. सगळीकडे नजर असलेल्या सत्तेला इथे हवी ती बाई जिवंत सापडत नाही. आणि आजारी जोला रातोरात ब्लीक हाउसमधून हलवण्यासाठी याच बकेटने त्या घरी पाहुणा असलेल्या हॅरल्ड स्किम्पोलला पाच पौंडांची नोट दिलेली होती, हे कादंबरी शेवटी शेवटी उघड करते. स्वतःच्या आवडत्या इन्स्पेक्टरविरुद्ध डिकन्स हा कागद वाचकाच्या हाती देतो. मिलर यांच्या चौकटीत या उशिराला आणि या नोटेला पुरेशी जागा नाही असं माझं मत आहे. फूकोच्या सिद्धान्ताला कादंबरीने दिलेलं हे उत्तर आहे. सिद्धान्त आधीच बरोबर ठरवून बसलं की ते ऐकू येत नाही.

वैद्यकाच्या बाबतीत थोडं कमी बोलतो, कारण तिथे वाद कमी आणि माहिती जास्त आहे. 1848-49 च्या पटकीत एकट्या लंडनमध्ये 14 हजारांच्या आसपास माणसं मेली. मे 1851 मध्ये डिकन्स स्वच्छता-सुधारणेच्या एका सभेत बोलला होता. रोग घाणीच्या दुर्गंधीतून येतो की माणसाच्या स्पर्शाने पसरतो, यावर डॉक्टरांत तेव्हा जुंपली होती. ‘ब्लीक हाउस’मध्ये दोन्ही आहेत. टॉम-ऑल-अलोन्स या झोपडपट्टीचं वर्णन करताना निवेदक वाऱ्यालाच तिचा निरोप्या करतो. पण कथेत रोग जोकडून एस्थरची मोलकरीण चार्ली हिला, चार्लीकडून एस्थरला, असा माणसागणिक जातो. रोगाचं नाव डिकन्स देत नाही. खुणांवरून बहुतेक वाचक देवी समजतात. याच कादंबरीच्या सोळाव्या प्रकरणात निवेदक विचारतो की डेडलॉकांचा लिंकनशरचा वाडा, शहरातलं मोठं घर आणि झाडू घेतलेलं ते पोर यांचा एकमेकांशी काय संबंध असू शकेल. अलीकडे कॅरोलिन लेविन यांनी या प्रश्नाला जाळ्यांच्या शास्त्राने उत्तर दिलं आहे : रोग, नातं, दावा, पैसा ही वेगवेगळी जाळी आहेत आणि माणसं त्यांत एकाच वेळी अडकतात. हे मला पटतं. भंगारवाल्या क्रूकच्या आपोआप पेट घेऊन मरण्यावरून समीक्षक जी. एच. ल्यूइस आणि डिकन्स यांच्यात झालेलं भांडण मी सोडून देतो. त्यात विज्ञान ल्यूइसच्या बाजूने होतं, आणि क्रूकला शेजारी ‘लॉर्ड चान्सलर’ म्हणत होते हे डिकन्सच्या बाजूने.

हवामानवाल्यांना पहिल्याच पानावर भांडवल मिळतं. धुकं, चिखल, आणि सूर्य मेला म्हणून सुतक पाळणाऱ्या बर्फासारखी पडणारी काजळी. जेसी ओक टेलर यांनी 2016 मध्ये लंडनचं धुकं आणि इंग्रजी कादंबरी यांवर पुस्तक लिहून दाखवलं की हे धुकं म्हणजे कोळशाने माणसाने तयार केलेलं आकाश आहे. लंडनला आलेली एस्थर विचारते, कुठे मोठी आग लागली आहे का? आणि तिला घ्यायला आलेला वकिलाचा कारकून गपी सांगतो, छे, हे तर इथलं नेहमीचंच. हा संवाद दिल्लीत हिवाळ्यात राहिलेल्या माणसाने वाचून पाहावा.

साम्राज्याचा हिशेब मात्र डिकन्सला महागात पडतो. मिसेस जेलीबी नायजरच्या काठावर बोरिओबूला-घा इथे कॉफीची वसाहत वसवायच्या नादात आहेत. घरात पोरं जिन्यावरून गडगडतात. नायजरवरची 1841 ची मोहीम तापाने धुळीस मिळाली होती आणि डिकन्सने 1848 मध्ये तिच्यावर लिहिलं होतं. दूरच्या दुःखासाठी जवळचं दुःख विसरणाऱ्यांची थट्टा त्याने केली, ती खरीच आहे. पण ‘ब्लीक हाउस’ चालू असतानाच, जून 1853 मध्ये, तथाकथित रानटी लोकांना पृथ्वीवरून नाहीसं करावं अशा भाषेत त्याने निबंध लिहिला, आणि 1857 च्या उठावानंतर एका खासगी पत्रात आपल्या हाती असतं तर हिंदी लोकांचा समूळ नाश केला असता असं म्हटलं. जोसाठी अख्ख्या राज्याला जाब विचारणारा हा लेखक. त्याच्या करुणेला सीमा होती आणि ती सीमा समुद्रावर होती. वसाहतवादाचा सिद्धान्त नसता तर जेलीबीबाईंवर हसून आपण पुढे गेलो असतो. मी अजूनही हसतो, फक्त आता कोणाबरोबर हसतो आहे ते मला माहीत असतं.

आपल्याकडे ही उसनवारी नवी नाही. नागपूरला इंग्रजी शिकवणाऱ्या कुसुमावती देशपांडे यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा इतिहास लिहिला तो समाजाच्या इतिहासाचा हात धरूनच. ‘टीकास्वयंवर’ लिहिणारे भालचंद्र नेमाडे इंग्रजीचेच प्राध्यापक. त्यांचे निष्कर्ष कोणाला पटोत वा न पटोत, त्यांनी आधी कादंबऱ्या वाचल्या होत्या. आज जी रीत रुजली आहे ती उलटी. प्रबंधाचं पहिलं प्रकरण ‘सैद्धान्तिक चौकट’, पुढची तीन प्रकरणं त्या चौकटीत तीन कादंबऱ्या बसवण्याची, आणि शेवटी निष्कर्ष की त्या बसल्या. बसणारच. जिथे बसत नव्हत्या ती पानं वगळलेली असतात.

मागच्या रांगांत पीएच.डी. करणारे काही विद्यार्थी बसले आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. ते सैद्धान्तिक चौकटीचं प्रकरण सर्वांत शेवटी लिहा. आणि त्यात एक परिच्छेद असा ठेवा, ज्यात तुमच्या कादंबरीने तुमचा सिद्धान्त कुठे ऐकला नाही ते पानाच्या आकड्यासह नोंदवलेलं असेल. मार्गदर्शकांनाही सांगणं आहे : तो परिच्छेद कच्चा म्हणून खोडू नका. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्याच परिच्छेदावर विचारा.